घरचा संगणक सुरू होता होताच पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतो. फॉर्मॅट न करता तो दुरुस्त होऊ शकतो का?

आपण लिहिले आहे की, डेस्कटॉप चालू केल्यावर विंडोजचे चिन्ह दिसते, त्याखालचे ठिपके थोडा वेळ फिरतात आणि संगणक आपोआप पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. दुकानदाराने न तपासताच फॉर्मॅट मारावे लागेल असे सांगितले असून आपल्या वडिलांचे जुने फोटो त्यातच आहेत. अशा संगणकांपैकी बरेचसे फॉर्मॅट न करता दुरुस्त होतात, हे मी रत्नागिरीत अनेक वर्षे दुरुस्तीचे काम करत असल्यामुळे खात्रीने सांगू शकतो. त्या फोटोंची दुसरी प्रत हातात येईपर्यंत कोणालाही फॉर्मॅट करू देऊ नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

रीस्टार्ट होणे ही अनेक बिघाडांची एकच खूण आहे, म्हणून तो बिघाड विंडोजमध्ये आहे की यंत्रात, हे आधी ठरवावे लागते. त्यासाठी संगणक चालू करताच डिलीट किंवा एफ २ ही कळ वारंवार दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रणालीच्या पडद्यावर, जावे आणि तो तसाच अर्धा तास चालू ठेवावा. बायोस मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असते, त्याचा विंडोजशी किंवा हार्ड डिस्कशी संबंध नसतो. त्यामुळे बायोसच्या पडद्यावर असतानाही संगणक रीस्टार्ट झाला, तर फॉर्मॅट करून काहीही साधणार नाही, हे तिथेच सिद्ध होते. तो अर्धा तास शांतपणे चालू राहिला, तर संशयाचा रोख विंडोज, तिच्या फाइली आणि डिस्क यांच्याकडे वळतो. मात्र बायोसमध्ये रॅमवर (संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीच्या पट्टीवर) आणि वीजपुरवठ्यावर फारच थोडा ताण पडत असल्याने ते दोन भाग पूर्ण निर्दोष ठरतात असे नाही.

यंत्रातला दोष निघाला, तर मी पहिला हात रॅमला लावतो. आमच्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर पावसाळ्यात थर धरतो आणि संपर्क अर्धवट होतो. वायर सॉकेटमधून काढून, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी, रॅम काढून तिच्या पट्ट्या पेन्सिलीच्या साध्या खोडरबराने हलक्या हाताने पुसाव्यात, कण झटकावेत आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या बसेपर्यंत ती पुन्हा दाबावी. दोन रॅम असतील, तर एकावेळी एकच लावून पाहावी. त्यानंतर बायोसमध्येच दिसणारे प्रोसेसरचे तापमान पाहावे. काहीही काम चालू नसताना ते ८० अंशांच्या पुढे चढत असेल, तर पंखा धुळीने भरला आहे, हीटसिंकची (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याची) एखादी खुंटी सुटली आहे किंवा त्या दोघांमधली थर्मल पेस्ट वाळली आहे. वीजपुरवठा करणाऱ्या एसएमपीएसच्या पिवळ्या आणि काळ्या तारांमध्ये संगणक चालू असताना १२ व्होल्ट मिळायला हवेत आणि ५ टक्क्यांची सूट धरली, तर ११.४ च्या खाली ते जाता कामा नयेत. हे मोजमाप मल्टीमीटर वापरण्याची सवय असलेल्यानेच करावे, आणि एसएमपीएसची पेटी तर घरी कोणीही उघडू नये, कारण तिच्यातील कपॅसिटर वायर काढल्यानंतरही काही काळ जीवघेणा दाब धरून ठेवतात.

आपल्या वर्णनात मात्र चिन्ह आणि ठिपके दिसतात, त्यामुळे विंडोज निम्म्या वाटेवर कोसळत असण्याची शक्यता मला अधिक वाटते. कोसळताना विंडोज निळा पडदा दाखवते आणि त्यावर कारण लिहिलेले असते, पण आपोआप रीस्टार्ट होण्याची सोय मुळातच चालू ठेवलेली असल्यामुळे तो पडदा वाचण्याआधीच निघून जातो. तो थांबवणे हे आपले खरे पहिले काम आहे. चिन्ह दिसताच पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून संगणक बंद करावा. असे लागोपाठ दोन-तीनदा केले, की विंडोज १० आणि ११ स्वतःच दुरुस्तीच्या पडद्यावर येतात. तेथे ट्रबलशूट, मग अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग स्टार्टअप सेटिंग्ज असे जाऊन रीस्टार्ट निवडावे आणि येणाऱ्या यादीत ९ ही कळ दाबावी. आता निळा पडदा आला, तर तो तसाच थांबेल. त्यावरील इंग्रजी अक्षरांची ओळ मोबाइलने टिपून ठेवावी, कारण पुढचा सगळा मार्ग तीच ठरवते.

त्या ओळीत ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे शब्द असतील, तर एक कारण आवर्जून तपासावे, कारण ते मी फार वेळा पाहिले आहे. आमच्याकडे पुष्कळ घरे वर्षभर बंद असतात. मंडळी मुंबईला असतात आणि गणपतीला गावी येतात. जाताना मेन स्विच बंद केलेला असतो, त्यामुळे मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही ३ व्होल्टची नाण्यासारखी बॅटरी महिनोन्‌महिने एकटीच भार उचलते आणि संपते. ती संपली, की बायोसमधल्या आपण बदललेल्या मांडण्या पुसल्या जाऊन कारखान्यातल्या मूळ मांडण्या परत येतात. जुन्या अनेक मदरबोर्डांवर साटा मोडची, म्हणजे डिस्कशी बोलण्याच्या पद्धतीची, मूळ मांडणी आयडीई ही जुनी पद्धत असते, तर विंडोज एएचसीआय या नव्या पद्धतीत बसवलेली असते. मग डिस्क अगदी धडधाकट असूनही विंडोजला ती वाचता येत नाही आणि ती कोसळून रीस्टार्ट होत राहते. बायोसमधली तारीख काही वर्षे मागे गेलेली दिसणे ही याची सोपी खूण आहे. नवी बॅटरी घालून, तारीख दुरुस्त करून, साटा मोड पुन्हा एएचसीआय केला, की संगणक जसाच्या तसा उघडतो. एका कुटुंबाचा असाच संगणक दुसऱ्या एका दुकानात फॉर्मॅट झाल्यानंतर माझ्याकडे आला होता. तोवर त्यातील लग्नाचे फोटो गेले होते, आणि मूळ दोष काही रुपयांच्या बॅटरीचा होता. तेव्हापासून तारीख पाहिल्याशिवाय मी पुढे जात नाही.

बिघाड एखाद्या अपडेटनंतर किंवा नवा प्रिंटर, ग्राफिक्स कार्ड, अँटिव्हायरस बसवल्यानंतर सुरू झाला असेल, तर त्याच अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये अनइन्स्टॉल अपडेट्स आणि सिस्टिम रिस्टोर हे दोन पर्याय आहेत. सिस्टिम रिस्टोर विंडोजच्या मांडण्या आधीच्या एखाद्या तारखेला होत्या तशा करते, पण आपल्या फोटोंना आणि कागदपत्रांना हात लावत नाही. मागच्या यादीत ४ दाबून सेफ मोड (मोजक्याच आवश्यक गोष्टींवर चालणारी विंडोज) उघडला, तर शेवटी बसवलेली गोष्ट तेथून काढताही येते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा प्रणालीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले आणि त्यांतले असंख्य अशाच फेऱ्यात अडकले. ते मुख्यतः कार्यालयांतले संगणक होते, पण सेफ मोडमध्ये जाऊन ती सदोष फाइल पुसली, की ते पूर्ववत होत होते.

तरीही काही दुरुस्त करण्याआधी फोटो बाहेर काढावेत. दुसऱ्या संगणकावर ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर उबंटू ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली तयार करून घ्यावी, आपला संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करावा, काहीही न बसवता ‘ट्राय’ हा पर्याय निवडावा आणि विंडोजच्या डिस्कमधील फोटो दुसऱ्या बाह्य डिस्कवर उतरवून घ्यावेत. डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या सुरक्षा सोयीने कुलूपबंद असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी की लागेल. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ‘चेक डिस्क’ ही डिस्कमधले दोष शोधणारी विंडोजची तपासणी चालवण्याचा सल्ला अनेक जण सुरुवातीलाच देतात, मला तो घातक वाटतो. डिस्क मरणपंथाला लागली असेल, तर तासन्‌तास चालणारी ती तपासणी तिला आणखी दमवते आणि जे फोटो सकाळी वाचले असते, ते संध्याकाळी वाचत नाहीत. प्रत काढून झाल्यावर ती खुशाल चालवावी. फोटो उतरवताना डिस्क टकटक आवाज करू लागली किंवा एकेका फोटोला मिनिटे लागू लागली, तर तिथेच थांबावे आणि डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे ती न्यावी.

एवढे करूनही दुकानात जावे लागले, तर जाण्यापूर्वी डिस्क काढून घरीच ठेवावी. बहुतेक कॅबिनेटमध्ये त्यासाठी तीन-चार स्क्रू आणि दोन केबल काढाव्या लागतात. डिस्कविना निरोगी संगणक ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश दाखवून तिथेच स्थिर थांबतो किंवा बायोसमध्ये जातो, आणि यंत्र बिघडलेले असेल, तर बहुधा डिस्क नसतानाही ते रीस्टार्टच होत राहते. ही चाचणी दुकानदाराच्या टेबलावर आपल्यासमोर करून घ्यावी. निळ्या पडद्यावरची ओळ आणि बायोसमधली तारीख आपण येथे लिहिलीत, तर पुढे नेमके काय करायचे, ते मी सांगेन.