तिघऱ्याला एकदा जाऊन ये

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

एम.टेक. हायड्रॉलिक्समध्ये, म्हणजे पाण्याच्या प्रवाहाच्या शास्त्रात, करावं की सगळंच थोडं थोडं शिकवणारा जलव्यवस्थापनाचा अभ्यासक्रम घ्यावा, असं विचारतेस. मी म्हणेन, हायड्रॉलिक्सच घे. एका विषयात हात पक्का बसलेला असला की बाकीचं शिकता येतं. पण अर्ज भरण्याआधी तिघऱ्याला एकदा जाऊन ये. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात तिथलंच पाणी पिऊन मोठी झालीस, तरी त्या धरणाची हकिगत तुला कुणी सांगितली नसेल.

सांक नदीवर ग्वाल्हेरच्या पाण्यासाठी ते दगडी धरण बांधलं, उंची साधारण 24 मीटर. ऑगस्ट 1917 मध्ये पूर आला, पाणी माथ्यावरून वाहू लागलं आणि भिंतीचे मोठे तुकडे जागचे सरकले. खालच्या गावांत फार माणसं गेली. दोष भिंतीच्या पायात होता. खालच्या वालुकाश्माच्या थरांत पाणी शिरलं, त्याने भिंतीला खालून उचलून धरलं आणि ती पायावरून घसरली. पुढे धरण पुन्हा उभं केलं, पण माझ्या मनातून ते 1917 साल जात नाही. तुझ्या अभ्यासक्रमात भूविज्ञानाचा एखादाच पेपर असेल. तो पास होण्यापुरता करू नकोस.

आता माझं सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला एका वस्तीत काविळीची साथ आली. शुद्धीकरण केंद्रात क्लोरीन बरोबर होतं, नळातल्या दाबाचा हिशेब मी स्वतः केला होता, तोही बरोबर. आठवडाभर मी कागदच तपासत बसलो. शेवटी आमचा व्हॉल्वमन म्हणाला, "साहब, पानी बंद होते ही नल साँस खींचता है, और बगल में नाली है." पुरवठा दिवसातून तासभर. उरलेल्या वेळी रिकामी पाइपलाइन सैल जोडांतून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढत होती. माझा हिशेब पाणी चालू असतानाच्या तासाचा होता, बाकीच्या तेवीस तासांचा मी विचारच केला नव्हता. त्या आठवड्यात आजारी पडलेली मुलं मला अजून आठवतात.

म्हणून माझं ऐक. सुट्टीत महिनाभर पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत बस. पाण्यात मैला मिसळलाय का हे सांगणारी ई. कोलाय जंतूंची चाचणी स्वतःच्या हाताने कर. वस्तीतल्या शेवटच्या नळावर लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलं पाहिजे, ते मोजून बघ. पाणीपट्टीची वसुली आणि विजेचं बिल शेजारी शेजारी ठेवून वाच. हे कंटाळवाणं वाटेल, पण पंप किती तास चालणार हे बहुधा तिथेच ठरतं. आणि बायकांना विचार की पाणी किती वाजता येतं, हंडा भरायला किती वेळ लागतो. त्यांच्याकडे मिनिटांचा हिशेब असतो.

आपल्या गल्लीतला व्हॉल्वमन पहाटे चारला निघतो. आठ दिवस त्याच्याबरोबर चाल, कोणता व्हॉल्व किती फेरे उघडतो ते वहीत लिही. दिवाळीला आलीस की ती वही घेऊन ये, आपण दोघं नकाशावर ते सगळं मांडू.

तुझा,
काका