टॉम बॉम्बाडिल गेला कुठं?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत टॉल्किनचं ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ एकदाचं वाचून संपवलं आणि मग मुलासोबत तिन्ही सिनेमे परत बघितले, तर डोकंच फिरलं! जंगलात राहणारा तो गमत्या टॉम बॉम्बाडिल अख्खा गायब. योद्धा फॅरामिर पुस्तकात केवढा सज्जन, इथं तो आपल्या नायकाला, फ्रोडोला, धरून घेऊन जातो. नऊ तासांच्या वर सिनेमा काढलाय, मग एवढी काटछाट कशाला? – एक वाचक, सातारा

उत्तर : चिडणं साहजिक आहे, मी पण चिडलो होतो. पण एक करा, फ्रोडो जी नष्ट करायला निघालाय ती अंगठी बॉम्बाडिलच्या हातात जाते ते पान परत काढा. तो ती बोटात घालतो आणि काहीच होत नाही, उलट गंमत म्हणून अंगठीलाच क्षणभर गायब करून दाखवतो. वाचताना मजा येते कारण आपण निवांत असतो, पण थेटरात आत्ताच आपल्याला सांगितलंय की ही वस्तू म्हणजे जगाचा घात, आणि लगेच कुणीतरी तिच्याशी गोटीसारखं खेळायला लागलं तर घाबरायचं कुणाला?

फॅरामिरचंही तेच दुखणं. पुस्तकात तो म्हणतो, ही अंगठी रस्त्यात पडलेली दिसली तरी उचलणार नाही. माणूस म्हणून ग्रेटच, पण त्याचा भाऊ बोरोमिर हिच्यापायी जीव घालवून बसला आणि याला मोहच नाही म्हटलं की अंगठीचा दम गेला. शिवाय दुसरी एक अडचण होती. पुस्तकाचा दुसरा खंड शेलॉब या आठ पायांच्या राक्षसी कोळिणीपाशी संपतो, पण दिग्दर्शक पीटर जॅक्सननं तिला तिसऱ्या सिनेमात ढकललं (परिशिष्टातल्या तारखा लावून बघा, दुसऱ्या सिनेमाच्या शेवटी येणारी हेल्म्स डीपची लढाई शेलॉबच्या प्रसंगाच्या आठवडाभर आधीची आहे, म्हणजे हे तसं चूकही नाही). मग दुसऱ्या सिनेमात फ्रोडोच्या वाट्याला शेवटी काही अडचण नको का, म्हणून फॅरामिरला व्हिलनगिरी करायला लावली. मला ते आवडत नाही, पण पटतं.

आणि खरी मोठी कात्री तर तुमच्या लक्षातच आली नाही! अंगठी फ्रोडोकडे सोडून जाणाऱ्या बिल्बोच्या, म्हणजे त्याच्या म्हाताऱ्या नातेवाइकाच्या, पार्टीनंतर फ्रोडो घर सोडतो ते पुस्तकात तब्बल 17 वर्षांनी. सिनेमात आपल्याला वाटतं जेमतेम काही दिवस गेले असतील, आणि कुणाचीच तक्रार नाही.

प्रश्न : तीन सिनेमे करायचे हे आधीपासून ठरलेलं का?

उत्तर : छे. मिरामॅक्स या सिनेमा कंपनीकडे दोनाचं चाललेलं, मग पैशाचं गणित बसेना म्हणून ते म्हणाले एकातच बसवा. जॅक्सन तिथून उठून न्यू लाइन या दुसऱ्या कंपनीकडे गेला दोन सिनेमांचा प्रस्ताव घेऊन, तर तिथले प्रमुख रॉबर्ट शे यांनीच विचारलं की पुस्तकं तीन आहेत मग सिनेमे दोन का. ऑक्टोबर 1999 ते डिसेंबर 2000, तिन्हींचं मुख्य शूटिंग न्यूझीलंडमध्ये एकदमच उरकलं.

प्रश्न : मग ‘हॉबिट’चं काय बिनसलं?

उत्तर : उलटा आजार. 1937 चं ते लहान मुलांचं एकच पुस्तक, त्याचे 2012 ते 2014 तीन सिनेमे. तिकडे कापावं लागलं म्हणून प्रत्येक सीनला ठरवावं लागलं की हा कशासाठी आहे, इकडे जागाच जागा, मग पाणी घालत बसले.

जाता जाता, साताऱ्याच्या वाचकांसाठी. मला खुपतं ते वेगळंच. सिनेमात फ्रोडो आणि त्याचे तीन मित्र असे चौघं हॉबिट (ही त्यांची बुटकी जमात) परत येतात तर त्यांचं गाव शायर जसंच्या तसं, पबमध्ये बसून बियर पितात. पुस्तकात येऊन बघतात तर दुष्ट जादूगार सारुमाननं गावाची वाट लावलेली, झाडं तोडलेली, आणि मग गावकऱ्यांना गोळा करून त्यांनाच लढावं लागतं. मुलाचा तिसरा सिनेमा बघून झालाच आहे तर ते प्रकरण त्याला मोठ्यानं वाचून दाखवा, शेवटून दुसरं आहे.