फ्रेंच उमराव मार्की द मोरेस डाकोटातला गुरांचा रँच सोडून राजकारणात का गेला?

धंदा बुडाला म्हणून. दलालांशी लढताना हरलेला शूर माणूस असं त्याचं कौतुक होतं, ते मला अजिबात पटत नाही.

मी नॉर्थ डाकोटात राहतो. तासगावहून दादा आला होता, तेव्हा त्याला मेडोरा दाखवायला नेलं. मोरेसनं हे गाव 1883 साली वसवलं आणि त्याला बायकोचं नाव दिलं. जनावरं जिवंत शिकागोला धाडायची नाहीत, इथेच कापायची आणि मांस बर्फाच्या डब्यांतून रेल्वेनं थेट पूर्वेच्या शहरांत न्यायचं, असा त्याचा बेत. 1886 मध्ये कत्तलखान्याला कुलूप लागलं. आता विटांची उंच चिमणी तेवढी उरली आहे. दादानं तिच्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "व्यापाऱ्यांनी मारला याला. माझ्यासारखाच."

तिथेच आमचं वाजलं. दादानं एका हंगामात अडत्याला टाळून द्राक्षं परस्पर कोलकात्याला पाठवली होती. वाटेत गाडीचं कूलिंग गेलं. पेट्या उघडल्या तेव्हा देठ तपकिरी पडलेले आणि मणी गळून तळाशी साचलेले. तेव्हापासून पंधरा वर्षं तो एका अख्ख्या समाजाला शिव्या देतोय.

मोरेसनंही तेच केलं. गवतावर चरणारी जनावरं उन्हाळा सरल्यापासून थंडी पडेपर्यंतच अंगानं भरलेली असतात, त्यामुळे कारखाना बरेच महिने रिकामा. त्यात पूर्वेच्या गिऱ्हाइकाला मक्यावर पोसलेल्या जनावराचं मांस आवडायचं. हा हिशेब आधी मांडायला हवा होता. त्याऐवजी धंदा बुडाल्याचं खापर ज्यूंवर फोडून तो फ्रान्सला परतल्यावर त्यांच्याविरुद्ध भाषणं ठोकत फिरला, 1890 मध्ये पॅरिसच्या नगरपालिकेला उभा राहून पडला, आणि 1892 मध्ये आर्मां मायेर या ज्यू कप्तानाला त्यानं द्वंद्वात तलवारीनं ठार केलं. त्या मायेरचा मेडोराच्या मांसाशी काय संबंध? 1896 मध्ये तो स्वतः सहारात मारला गेला.

शिकागोच्या बड्या कंपन्यांपुढे टिकणं अवघड होतं, हे मान्य. अडतेही काही धुतल्या तांदळासारखे नसतात. पण थेट विकायचं असेल तर आधी थंडाव्याची सोय बघा, मग अडत्याशी भांडा.

दादा, तू हे वाचशीलच. त्या गाडीच्या तापमानाचा कागद मी जपून ठेवलाय. नागपूर ओलांडताना आत 19 अंश होते.