आधी पाहिलेलं लिही

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. साडेतीन महिन्यांचं बाळ, रोटाच्या, म्हणजे जुलाबाच्या विषाणूवरच्या लशीचा तिसरा डोस झालेला, मग उलट्या, पोट फुगलेलं, शेवटी लाल शी. गावातल्या डॉक्टरांनी रक्ती हगवण समजून दोन दिवस औषध दिलं. तुझ्याकडे आलं तेव्हा सोनोग्राफीत इंटससेप्शन निघालं, आतडं आतड्यात शिरलेलं. हवेच्या दाबानं आतडं सुटलं, बाळ दूध प्यायला लागलं. इथपर्यंत तू जे केलंस त्याबद्दल मला काही बोलायचं नाही, ते चोख आहे.

पुढे मात्र तू लिहितेस, "वरिष्ठ म्हणतात, लशीशी संबंध नाही असं लिहून मोकळी हो, नाहीतर गावात लसीकरण बंद पडेल. बाळाचा काका म्हणतो, लशीमुळेच झालं, तसं लिहून द्या. मॅडम, मी कोणती बाजू घेऊ?"

बाजू? तुला बाजू घ्यायला नेमलेलं नाही. तू त्या बाळापाशी उभी होतीस, वरिष्ठ नव्हते, काकाही नव्हता. जे तू पाहिलंस, आईनं जे सांगितलं, कार्डावर जे आहे, ते लिही. कोणी सांगितलं आणि कधी सांगितलं तेही लिही. संबंध आहे की नाही हे एका बाळावरून कुणालाच ठरवता येणार नाही. तुला नाही, मला नाही, लशीनंतरचे त्रास तपासणाऱ्या दिल्लीच्या समितीलाही नाही. तू मात्र आत्ताच मत लिहायला बसली आहेस. आधी पाहिलेलं लिही.

तुला वाटेल, मॅडमचं जुनंच पालुपद सुरू झालं. झालं खरं. पण हे पालुपद कुठून आलं ते सांगते, कारण पुस्तकात ते दोन ओळींत उरकतात.

अमेरिकेत १९९८ च्या ऑगस्टमध्ये रोटाशील्ड नावाच्या रोटाच्या लशीला परवाना मिळाला. परवान्याआधीच्या चाचण्यांत लस घेतलेली १०,०५४ बाळं होती, त्यांतल्या पाचांना इंटससेप्शन झालं. लस न घेतलेली ४,६३३ होती, त्यांतल्या एकाला झालं. प्रमाण सव्वादोनपट दिसतं, पण इतक्या थोड्या केसेसवर संख्याशास्त्र "योगायोग असू शकतो" एवढंच म्हणतं, आणि तेव्हा तेच म्हणालं. लस बाजारात आली. पुढच्या जुलैपर्यंत गावोगावच्या डॉक्टरांकडून पंधरा केसेसची नोंद झाली होती. पंधराच. पण त्या नोंदींत डोसाची तारीख होती आणि त्रास सुरू झाल्याची तारीख होती. दोन्ही शेजारी ठेवल्यावर बहुतेक बाळांना डोसानंतर थोड्याच दिवसांत त्रास झालेला दिसला. मग नीट अभ्यास झाला. पहिल्या डोसानंतर तिसऱ्या ते चौदाव्या दिवसात केसेस दाटलेल्या सापडल्या. ऑक्टोबर १९९९ मध्ये लस मागे घेतली गेली. धोका साधारण दहा हजार बाळांत एक, असं नंतर ठरलं.

आता आपल्याकडचं बघ. ११६ई हा विषाणू दिल्लीत नवजात बाळांमध्ये सापडला, त्यावरून रोटावॅक तयार झाली. तिची मोठी चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुण्याजवळच्या वढूला झाली. एकूण ६,७९९ बाळं. २०१४ साली निष्कर्ष छापून आले, त्यात लस घेतलेल्या ४,५३२ मध्ये सहा इंटससेप्शन आणि न घेतलेल्या २,२६७ मध्ये दोन. दोन्ही चाचण्यांचे आकडे एकाखाली एक लिहून बघ. सहाला दोन, पाचाला एक. नुसत्या नजरेनं तुला सांगता येईल का, यातला कोणता आकडा खऱ्या धोक्याचा आणि कोणता योगायोगाचा? मला सांगता आला नव्हता. दहा हजारांत एक असा धोका असेल तर साडेचार हजार बाळांत तो सरासरी अर्ध्या बाळापुरता दिसणार. अर्धं बाळ चाचणीत दिसत नाही. शिवाय वेल्लोरला उलटी किंवा रक्त दिसलं की लगेच सोनोग्राफी होत होती, आणि अशी सोनोग्राफी केली की आपोआप सुटून जाणारी इंटससेप्शनंही सापडतात. जिथे जास्त शोधतात तिथे जास्त सापडतं. ज्या जिल्ह्यात रात्री सोनोग्राफीच होत नाही तिथलं शून्य हे शून्य नसतं.

मग उत्तर कसं मिळालं? २०१६ पासून लस सरकारी कार्यक्रमात आली आणि देशभरातल्या २७ रुग्णालयांत इंटससेप्शनची बाळं नोंदवायला सुरुवात झाली. २०१९ पर्यंत ९७० बाळांची नोंद झाली, त्यांतली ५८९ हिशेबात धरता आली. पद्धत साधी होती. प्रत्येक बाळाची तुलना त्याच बाळाशी. डोसानंतरचे एकवीस दिवस एका बाजूला, त्याच बाळाच्या पहिल्या वर्षातले बाकीचे दिवस दुसऱ्या बाजूला. गरीब-श्रीमंत, गाव-शहर, अंगावरचं दूध की वरचं, हे सगळे फरक आपोआप गळून पडतात. लशीचा हात असेल तर केसेस डोसामागे गोळा होतील, जशा अमेरिकेत झाल्या होत्या. २०२० मध्ये निष्कर्ष आला की इथे तशा गोळा झाल्या नाहीत, वाढीव धोका दिसला नाही.

या सगळ्या गणिताला लागतं काय, तर प्रत्येक बाळामागे दोन तारखा. डोसाची, आणि त्रास सुरू झाल्याची. बाकी सगळं संगणक करतो. त्या दोन तारखा तुझ्यासारख्या कुणीतरी वॉर्डात उभं राहून आईला विचारून लिहिलेल्या असतात. म्हणून मी एवढं जीव तोडून सांगते.

तू पाठवलेला कार्डाचा फोटो मी मोठा करून पाहिला. तिसऱ्या डोसाची तारीख बॉलपेननं लिहिलेली, वर पाण्याचा डाग, ११ आहे की १७ कळत नाही. तू लशीनंतरच्या त्रासाच्या फॉर्मवर १७ लिहिलंस. का लिहिलंस? आई म्हणते उलट्या वीस तारखेच्या रात्री सुरू झाल्या. डोस सतराला असेल तर तिसरा दिवस, अकराला असेल तर नववा. पहिल्या आठवड्याची खिडकी वेगळी मोजतात आणि आठ ते एकवीसची वेगळी. तुझ्या एका आकड्यानं बाळ एका खान्यातून दुसऱ्या खान्यात गेलं. आणि हे शोधणं अवघड नाही गं. त्या उपकेंद्राचं लसीकरणाचं सत्र कोणत्या वारी असतं ते सिस्टरना विचार आणि कॅलेंडर उघड. अकरा आणि सतरा एकाच वारी येऊच शकत नाहीत. त्या दिवसाची टॅली शीट, आशाताईची वही, लशीच्या साठ्याचं रजिस्टर, यांतलं काहीतरी नक्की बोलेल. आणि काहीच बोललं नाही, तर फॉर्मवर स्पष्ट लिही: कार्डावरची तारीख वाचता येत नाही, ११ किंवा १७. असं लिहिण्यात कमीपणा नाही.

तसंच "त्रास सुरू" या रकान्यात तू भरतीची तारीख टाकली आहेस. भरती बावीसला झाली कारण दोन दिवस गावात औषध चाललं होतं. ते बाळ आजारी वीसला पडलं. केस पेपरवर आहे ते पुराव्याचं आणि आई म्हणते ते ऐकीव, हा भेद मला कधीच पटला नाही. बाळाला मांडीवर घेऊन रात्रभर जागली ती, केस पेपर नव्हे. दोन्ही तारखा लिही, प्रत्येकीपुढे सांगणाऱ्याचं नाव.

याच गोष्टीवरून माझं एकदा फाटलं होतं. लशीचाच अभ्यास होता, कुठला ते जाऊ दे. एका बाळाच्या आजीनं सांगितलेली तारीख आणि कागदावरची तारीख जुळत नव्हती. मी दोन्ही लिहिल्या. माझ्याबरोबर शिकलेला, माझ्याच वयाचा एक मित्र तिथे वरच्या जागेवर होता. तो म्हणाला, आजीची काढून टाक, ऑडिटला प्रश्न येतील. मी म्हटलं, येऊ देत, उत्तर देईन. तो म्हणाला, तुला काम करायचंय की भांडायचंय? मी तारीख काढली नाही. पुढच्या वेळी माझा करार वाढला नाही, आणि त्या मित्रानं नंतर माझ्याशी बोलणं सोडलं. नोकरीचं मला फारसं काही वाटलं नाही. मित्राचं वाटतं, आजही वाटतं. त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली नाही तेव्हा दिवसभर मन लागलं नाही. लोक मला हट्टी म्हणाले, घरचेही म्हणाले. म्हणोत. त्या आजीला मी सांगितलं होतं की तुमचं म्हणणं लिहून घेते, आणि ते मी लिहिलं होतं. ते खोडायचा हक्क मला नव्हता, त्यालाही नव्हता. इतक्या वर्षांनंतरही यात मला दुसरी बाजू सापडलेली नाही.

तुझ्या वरिष्ठांची भीती खोटी नाही हेही सांगते, नाहीतर तू त्यांना वाईट समजशील. २०१० साली तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या एचपीव्ही लशीचा प्रकल्प मुलींच्या मृत्यूंनंतर थांबवला गेला. त्यांत कुणी बुडाली होती, कुणाला साप चावला होता, कुणी कीटकनाशक प्यायली होती. मृत्यूंचा लशीशी संबंध दिसत नाही असं चौकशीत निघालं. पण संमतीपत्रं उघडली तर कितीतरींवर आईबापांच्या ऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या. त्रास झाला तर नोंदवायची व्यवस्थाही कच्ची. संसदेच्या समितीनं २०१३ मध्ये कडक ताशेरे ओढले. निष्कर्ष बरोबर असूनही लोकांनी तो मानला नाही, आणि का मानावा? ज्यांची सहीसुद्धा घेतली नाही त्यांनी तुमच्या निष्कर्षावर विश्वास ठेवायचा? गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं आपल्या देशात एवढ्या बायका जातात, आणि ती लस पुढे कितीतरी वर्षं राष्ट्रीय कार्यक्रमाच्या बाहेर राहिली. तेव्हा वरिष्ठांना सांग, गावात लसीकरण बंद पडू नये असं मलाही वाटतं, आणि म्हणूनच मी "संबंध नाही" असं आज लिहिणार नाही. जो कागद उद्या गावासमोर उघडता येणार नाही तो लस वाचवत नाही.

रोटाशील्डच्या गोष्टीचा उरलेला भाग तुला कुणी सांगितला नसेल. ती लस गेली तेव्हा रोटाच्या जुलाबांनी जगात दरवर्षी चार लाखांहून जास्त मुलं मरत होती, बहुतेक आपल्यासारख्या देशांत. पुढच्या दोन लशींच्या मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले ते २००६ मध्ये, प्रत्येकीची चाचणी साठ हजारांच्या वर बाळांवर, मुख्यतः या एकाच धोक्यासाठी. मधली वर्षं गेली. आणि नव्या लशींतही काही देशांत लाखात एक ते पाच असा अगदी थोडा वाढीव धोका नंतर दिसलाच. तो लपवला नाही, छापला, आणि फायदा कितीतरी मोठा म्हणून लशी चालू ठेवल्या. अशा निर्णयावर माणसं विश्वास ठेवतात. तो घेता आला कारण कुणीतरी "संबंध नाही" लिहून मोकळं झालं नव्हतं.

तू विचारलंस की हे काम सोडून प्रॅक्टिस करू का. तो तुझा प्रश्न आहे, मी त्यात पडत नाही. प्रॅक्टिसमध्येही हेच करावं लागतं एवढं लक्षात घे. रक्त दिसलं की हगवण, असं त्या गावातल्या डॉक्टरांनी ठरवून टाकलं. बाळ थांबून थांबून कळवळून रडतंय, पाय पोटाशी घेतंय, मधल्या वेळात एकदम गळून जातंय, हे आई त्यांना सांगत होती. निदान आधी आणि बघणं नंतर, असं झालं की दोन दिवस जातात. आतडं रेडिओच्या अँटेनासारखं एकात एक शिरलेलं असतं, त्याचा रक्तपुरवठा दाबला जातो आणि दोन दिवसांत ते काळंही पडू शकतं. तुझ्या बाळाचं नशीब, ते पडलं नव्हतं. त्या डॉक्टरांना फोन कर. रागावू नकोस, काय सापडलं ते सांग, सोनोग्राफीचा फोटो पाठव. पुढचं बाळ ते लवकर पाठवतील.

आणि पत्राच्या शेवटी, घाईत लिहिलेलं, की आई रोज विचारते "डोसामुळे झालं का हो?" आणि तू नजर चुकवून पुढच्या खाटेकडे जातेस. तसं करू नकोस. स्टूल ओढून तिच्याजवळ बस. तिला सांग, असं आतडं लस न घेतलेल्या बाळांतही याच वयात अडकतं, चार ते सात महिन्यांत सगळ्यात जास्त. तुमच्या बाळाचं कशामुळे झालं ते मला आज सांगता येत नाही. तुम्ही जे सांगितलंत ते मी जसंच्या तसं लिहिलं आहे, हा बघा कागद. तिला वाचून दाखव, चुकलं असेल तर तिच्यासमोर दुरुस्त कर. रोटाचे तीनही डोस झालेले आहेत, आता आणखी द्यायचा नाही. कार्डावर इंटससेप्शन झाल्याची नोंद ठळक कर. बाकीच्या लशी वेळेवर घ्यायच्या.

आणि हे तिला दोनदा सांग, नवऱ्यालाही सांग: असं सुटलेलं आतडं दहातल्या एखाद्या बाळात पुन्हा अडकतं. परत तसं थांबून थांबून रडलं, हिरवी उलटी झाली, लाल शी झाली, तर गावात औषध घेत बसू नका, रात्र असली तरी थेट इकडे या. तुझा नंबर तिच्या कार्डावर तुझ्या हातानं लिहून दे.

तुझी,
मॅडम