केसांत फेविक्विक सांडल्यास केस कापावेच लागतात का, की रॉकेल लावून भागते?

नाही, कापावे लागत नाहीत. आणि तुम्ही ज्या रॉकेलबद्दल विचारले आहे, ते तर मुळीच लावू नका. या विषयावर आमच्या घरात दर भाद्रपदात वाद होतो, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

२०१८ मध्ये महाराष्ट्रात थर्माकोलवर बंदी आल्यापासून आमचे गणपतीचे मखर पुठ्ठ्याचे असते. थर्माकोल फेविक्विकने विरघळतो, त्यामुळे पूर्वी फेविकॉलवरच भागत असे आणि तो कोमट पाण्याने हातावरून निघून जाई. पुठ्ठ्याच्या वेळी मात्र आमच्या थोरल्या भाऊजींना वाळेपर्यंत धीर धरवेना. एका वर्षी फेविक्विकच्या ट्यूबचे तोंड बुजले म्हणून त्यांनी ती टाचणीने टोचून जोरात दाबली आणि शेजारी बसून कागदी फुले कातरणाऱ्या त्यांच्याच मुलीच्या वेणीच्या शेंड्यावर धार उडाली. शेंडा बघता बघता खराट्याच्या काडीसारखा ताठ झाला. भाऊजींनी स्वतःच्या बोटावरचा ओला गोंद कापसाने टिपला, तर कापूस तापून त्यांनाच चटका बसला, कारण कापसाच्या तंतूंवर हा गोंद फार झपाट्याने घट्ट होतो आणि त्यातून उष्णता निघते. एवढे होऊनही त्यांनी वेणीवर रॉकेल चोळले आणि शेवटी कात्री मागितली.

मी पुतणीला आत नेले, नेलपॉलिश काढण्याचे रिमूव्हर जुन्या टूथब्रशने फक्त गोंद लागलेल्या केसांवर लावले, गोंद मऊ पडताच तेथे खोबरेल तेल चोळले आणि बारीक फणीने टोकाकडून वर थोडे थोडे विंचरत गेले. फणीच्या दातांत पांढरट कपच्या येत गेल्या आणि वेणी शाबूत राहिली. बाटलीवर ॲसिटोन लिहिलेले असले पाहिजे. बिनॲसिटोनच्या रिमूव्हरचा फारसा उपयोग होत नाही.

भाऊजींचे आजही म्हणणे आहे की गोंद रॉकेलनेच सैल झाला होता. रॉकेलने ऑइल पेंट किंवा डांबर सुटते, हे मान्य. पण वाळलेला फेविक्विक हे एक प्रकारचे प्लास्टिक असते आणि ते रॉकेलला दाद देत नाही. उलट टाळूची आग होते आणि घरात समई तेवत असताना धोका वेगळाच.

अर्थात ॲसिटोनही पेट घेते, त्यामुळे ते देवघरापासून दूर, खिडकी उघडून वापरावे आणि टाळूला लागू देऊ नये. टाळूवर किंवा बोटांवर गोंद असेल तर कोमट साबणाचे पाणी आणि तेल पुरे. चिकटलेली बोटे ओढू नयेत, हळूहळू फिरवत सोडवावीत, उरलेले काही दिवसांत कातडीबरोबर आपोआप निघते. पापण्या चिकटल्या तर मात्र त्या ओढू नयेत, कोमट पाण्याने धुवून लगेच डॉक्टरांकडे जावे.

तुमच्या घरीही कोणी रॉकेलचा आग्रह धरत असेल, तर फरशीच्या तुकड्यावर गोंदाचे दोन थेंब वाळवून एकावर रॉकेल आणि दुसऱ्यावर ॲसिटोन घालून दाखवा. भाऊजींना मी हे कधीच सुचवले आहे. फरशीचा तुकडाही काढून ठेवला आहे.