मुलगा वर्गात बोलेनासा झाला आहे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यातील आहोत. माझा मुलगा सातवीपर्यंत गावच्या सरकारी मराठी शाळेत शिकला आणि यंदा त्याला बेळगावच्या एका इंग्रजी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये आठवीत घातले. गावी स्नेहसंमेलनात पुढे असणारा हा मुलगा आता वर्गात तोंड उघडत नाही. कन्नड वाचताना मुले हसतात, म्हणून सकाळी पोटात दुखते असे सांगतो आणि घरी धाकट्या बहिणीला मारतो. त्याला व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिराला पाठवावे का? (एक आई)

उत्तर : शिबिराची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या मुलाला बोलता येते, हे आपणच लिहिले आहे. या वर्गात, या मुलांसमोर चुकण्याची त्याला भीती वाटते, आणि ती भीती चार दिवस अनोळखी मुलांत राहून जाणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात जी दहा जीवनकौशल्ये मांडली, त्यांत संवाद, समानुभूती, स्वतःची ओळख, भावना आणि ताण हाताळणे यांचा समावेश आहे. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने आठवी ते दहावीच्या मुलांसाठी याच कौशल्यांचे उपक्रम तयार केले, तेही शाळेतल्या शिक्षकांनीच वर्गात घ्यावेत अशा बेताने; कारण ज्यांच्याबरोबर रोज बसायचे, भांडायचे आणि डबा खायचा, त्यांच्यातच ही कौशल्ये अंगी मुरतात.

म्हणून आधी वर्गशिक्षकांना भेटा. हसणाऱ्या मुलांची नावे सांगण्यापेक्षा मुलाचे काय होते आहे ते सांगा आणि एक विनंती करा : काही दिवस त्याला कन्नड वाचायला एकट्याने उभे न करता, कन्नड घरात बोलणाऱ्या एखाद्या मुलासोबत जोडीने वाचू द्यावे, आणि त्याला जो विषय चांगला येतो त्यात त्याने त्या जोडीदाराला मदत करावी. नुसती मदत घेणारे मूल संकोचते. देणारेही झाले की बरोबरीने बोलू लागते. चिडवण्यात शिक्षकच सामील असतील, तर मात्र मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार द्या, कारण शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने विद्यार्थ्याच्या मानसिक छळालाही मनाई केली आहे.

घरी बहिणीवर उगारलेला हात तिथल्या तिथे ठामपणे थांबवा, पण चौकशी तो शांत झाल्यावर करा. ‘शाळेत काय झाले?’ या प्रश्नाला मुले ‘काही नाही’ असेच म्हणतात; ‘आज कोणता तास नकोसा वाटला?’ असे विचारून पाहा. ‘मला लाज वाटली’ हे त्याला मराठीत, आपल्यापाशी, मोकळेपणाने सांगता आले, की तो राग बहिणीवर निघण्याचे प्रमाण कमी होईल. ‘सर, इन्नोम्मे हेळी’ (पुन्हा एकदा सांगा) आणि ‘ननगे अर्थ आगलिल्ल’ (मला समजले नाही) ही दोन वाक्ये त्याच्याकडून बाजारात, बसमध्ये सहज वापरून घ्या. अडल्यावर विचारता येणे हे मोठे कौशल्य आहे.

पोटदुखी एकदा डॉक्टरांना दाखवावीच. झोप आणि जेवण बिघडले, किंवा तो शाळेत जायलाच नकार देऊ लागला, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर सल्ला घ्या.

प्रश्न : मी निपाणी भागात शिक्षक आहे. आमच्या शाळेत समुपदेशक नाही आणि पोर्शन संपवतानाच दमछाक होते. ही जीवनकौशल्ये शिकवायला वेळ कोठून आणावा?

उत्तर : स्वतंत्र तासिकेची वाट पाहू नका. गटकार्यात नेहमी लिहिणाऱ्याला बोलायला आणि नेहमी बोलणाऱ्याला ऐकायला लावा. दोन मुलांचे भांडण झाले, तर निकाल देण्याआधी प्रत्येकाने दुसऱ्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगावे, आणि ‘हो, मी हेच म्हणालो’ असे त्या दुसऱ्याने कबूल करेपर्यंत सांगावे. यात दहा मिनिटे जातात आणि बहुतेक वेळा निकाल देण्याची गरजच उरत नाही. याला गुण मात्र देऊ नका, नाहीतर मुले शहाणपणाचे सोंग शिकतील.