बर्थखालच्या बॅगेची जबाबदारी कोणाची?

सुट्ट्या संपल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एकच समजूत ठाण मांडून बसलेली असते: तिकीट काढलं म्हणजे सामानही रेल्वेच्या हवाली झालं. तसं नसतं.

प्रश्न : स्लीपरने किती वजन फुकट नेता येतं? विमानासारखा नवा नियम आलाय म्हणे.

४० किलो. नवा नियम वगैरे काही नाही. आहे तोच नियम व्हॉट्सॲपवर दर सुट्टीत नव्याने जन्माला येतो. थ्री टायर एसीलाही ४०, टू टायरला ५०, फर्स्ट एसीला ७०, सेकंड क्लासला ३५. वजन जास्त भरत असेल तर गाडी सुटायच्या निदान अर्धा तास आधी लगेज ऑफिसात बुक करा. बुक न करता बरंच जादा सामान सापडलं तर लगेज दराच्या सहापट वसुली होते.

प्रश्न : क्लोकरूममध्ये माझी बॅग घेतली नाही. कुलूप नाही म्हणाले.

बरोबर म्हणाले. कुलूप लावा.

प्रश्न : स्टेशनबाहेरच्या एका दुकानावर ‘रेल्वेमान्य लगेज सेवा’ अशी पाटी आहे. तिथे बॅग ठेवावी का?

कोणी दिली मान्यता, त्याचा कागद दाखवा, असं विचारून बघा. पावतीच्या पाठीमागे बारीक अक्षरात ‘जबाबदारी मालकाची’ छापलंय का, तेही बघा. शंका वाटली तर आत जाऊन स्टेशन मास्तरांना विचारा.

प्रश्न : साखळीने बांधलेली बॅग पहाटे बर्थखालून गेली. घरी लग्न होतं, म्हणून आठ दिवसांनी तक्रार दिली. एक एजंट आगाऊ पैसे घेऊन हमखास भरपाई मिळवून देतो म्हणतो. देऊ का?

आठ दिवस! अहो, तोवर तुमच्या डब्यातले सगळे प्रवासी आपापल्या गावी पोचून प्रवास विसरलेसुद्धा. चोरी कळली की त्याच क्षणी टीसी, गार्ड किंवा गाडीतल्या पोलिसांकडे तक्रारीचा फॉर्म मागायचा आणि भरून द्यायचा. त्यासाठी प्रवास मोडावा लागत नाही. कोणी दिसत नसेल तर रेल्वेचा मदतीचा नंबर १३९ लावायचा. हे मी किती वर्षं लिहितोय!

आता भरपाई. रेल्वे कायदा १९८९, कलम १००. बुक करून पावती घेतली नसेल तर रेल्वे सामानाला जबाबदार नाही, आणि सामान तुमच्याच ताब्यात असेल तर रेल्वेचा किंवा तिच्या नोकराचा हलगर्जीपणाही सिद्ध करावा लागतो. प्रवासात कमरेच्या पट्ट्यातून एक लाख रुपये गेले, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रेल्वेच्या सेवेत त्रुटी मानली नाही. मात्र आरक्षित डब्यात भलतीच माणसं शिरली आणि टीसीने हटकलं नाही, हे दाखवता आलं तिथे ग्राहक आयोगांनी भरपाई दिलेलीही आहे. म्हणजे सगळा खेळ त्या रात्री डब्यात कोण होतं यावर. समोरच्या बर्थवाल्याचा फोन नंबर तरी घेतलात का?

एजंटला दमडी देऊ नका. आयोगाचा निकाल हमखास सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय. तक्रारीची प्रत, तिकीट आणि बॅगेतल्या वस्तूंची बिलं घेऊन ग्राहक आयोगात काम करणाऱ्या वकिलाला भेटा. आयोगात जायला दोन वर्षांची मुदत आहे म्हणून पुन्हा लांबवू नका.

प्रश्न : मग दागिन्यांची पेटी बुक करून ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यात, टाकली तर निर्धास्त?

मुळीच नाही. मूल्य जाहीर करून त्याचा जादा आकार भरला नाही, तर रेल्वेची जबाबदारी किलोमागे १०० रुपयांपुरतीच. दागिने गाडीने न्यायलाच हवेत का, हे आधी घरात बोला. न्यायचेच असतील तर विम्याबद्दल विमा कंपनीला विचारा.

प्रश्न : वरातीचे थोडे फटाके बॅगेत चालतील?

नाही. थोडेही नाहीत. रेल्वे कायद्याचं कलम १६४, तीन वर्षांपर्यंत कैद.

प्रश्न : हमाल सामान घेऊन गर्दीत दिसेनासा झाला तर?

सामान त्याच्या डोक्यावर चढवण्याआधी बिल्ल्याचा नंबर लिहून घ्या. बिल्ला नसेल तर तो हमाल नव्हे.